पिवळा पुठ्ठा
आज नेरूळच्या टर्फवर अंडर-१४ फुटबॉलची फायनल होती. शेवटच्या पाच मिनिटांत पेनल्टी दिली नाही म्हणून एका बापाने जाळीला लटकून रेफरीला जे ऐकवलं, ते इथे लिहिता येणार नाही. रेफरी कोण, तर एकोणीस-वीस वर्षांचं पोरगं. आणि हाच बाप तासभर स्वतःच्या मुलाला ओरडून सांगत होता, "पुढे जाऊ नको, पाय घाल त्याला!" आम्ही सगळे गप्प. मीसुद्धा.

मी आयुष्यात एकदाच शिट्टी हातात घेतली. ऐरोली, सोसायट्यांची मॅच, जुलैतला चिखल. कार्डं नव्हती, म्हणून ऑफिसातल्या फाइलचा पिवळा पुठ्ठा कापून नेला, ताकिदीपुरता. मैदानाबाहेर काढायला लागतो तो लाल मिळालाच नाही. एकाने उडी मारून समोरच्याच्या छातीत बूट घातला. माझ्यासमोर नेमका तिसराच कोणी आडवा. मला फक्त 'आई गं' ऐकू आलं. पुठ्ठा दाखवला, खेळ चालू. पोरगा उठला तेव्हा पांढऱ्या शर्टावर स्टडचे, बुटाच्या तळाच्या खुंट्यांचे, ठिपके. मोजता येत होते.

२०१० च्या वर्ल्ड कपची फायनल आठवतेय, हॉलंड-स्पेन? जोहान्सबर्गची, आपल्याकडे रात्री बाराला सुरू झालेली. २८ व्या मिनिटाला हॉलंडच्या डी याँगची लाथ सरळ स्पेनच्या झाबी अलोन्सोच्या छातीत, आणि रेफरी हॉवर्ड वेबने काढलं पिवळं. जगाने वेबला धुतला. नंतर तो बिचारा म्हणाला, मध्ये खेळाडू होता, नीट दिसलं नाही, लालच द्यायला हवं होतं. १४ वेळा पिवळं काढलं त्याने त्या रात्री! लाथा काय वेबने मारल्या? ज्या हॉलंडने टोटल फुटबॉल दाखवला, सगळ्यांनी सगळ्या जागी खेळायचा देखणा खेळ, त्यांनी फायनलला येऊन माणसं तुडवायची? त्यांचाच जुना दिग्गज, खुद्द क्रायफ आपल्याच टीमवर भडकला. हॉलंडचा रॉबेन एकटा स्पेनचा गोलकीपर कासियासच्या समोर होता, बॉल कासियासच्या पायाला लागून बाहेर गेला. तेही रेफरीच्याच नावावर टाका! बरं, स्पेनही काही गोलांचा पाऊस पाडत नव्हतं, सात मॅचमध्ये आठ गोल. पण ११६ व्या मिनिटाला गोल मारायला त्यांचा इनिएस्टा पुढेच होता ना?

आणि २०२२ ची फायनल, अर्जेंटिना-फ्रान्स. रेफरी मार्चिनियाकने तीन पेनल्टी दिल्या. तीन! अर्जेंटिनाच्या डी मारियाला पाडल्याची मलाही जरा हलकीच वाटते. फ्रान्स पाऊण मॅच झोपलं होतं, तेही मान्य. पण ८० आणि ८१ व्या मिनिटाला एम्बाप्पे सुटला, मग मेस्सी, मग पुन्हा एम्बाप्पे... आमच्या बिल्डिंगमध्ये कोणाच्या तोंडी रेफरीचं नावही आलं नाही.

माझ्या ऐरोलीच्या पोराने तेव्हा मला शिवी दिली नव्हती. शर्ट पुढे ताणून नुसता दाखवला. शिवी परवडली असती.

असो. आज मॅच संपल्यावर रेफरी बाकावर बसून बुटाची नाडी सोडत होता. गाठ सुटत नव्हती. मी पाण्याची बाटली दिली, दुसरं काय सुचणार.

"काका, पेनल्टी होती का हो ती?"

"मला नीट दिसलं नाही रे," म्हटलं.

मी बरोब्बर त्याच गोलपोस्टच्या मागे उभा होतो.