पर्यावरण परिषदेत बाटलीबंदी

शाश्वत विकासावरची विद्यार्थी परिषद, जळगाव जिल्ह्यात, तीही ऐन मार्चमध्ये. पोरांना घेऊन मी गेलो. पुढचा सगळा प्रकार फाटकावरच सुरू झाला.

वॉचमनकाकांनी माझ्या पिशवीत हात घालून स्टीलची बाटली बाहेर काढली, तिचं झाकण उघडून वास घेतला.

"हाई आत नई चालाव."

"काका, पाणी आहे."

"पाणीच शे, पन बाटली भायेरनी शे. सरस्नी सांगेल शे."

"अहो, आत पर्यावरणावरच बोलणार आहेत. प्लॅस्टिक नको म्हणून तर ही आणली."

काकांनी बाटली उलटीपालटी करून पाहिली, मग खालच्या आवाजात म्हणाले, "भाऊ, ही फेकी मारी तर डोकं फुटी. प्लॅस्टिकनी बाटलीवरी काय व्हस?"

या युक्तिवादावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही, याचाच जास्त राग येतो. "आत फुकट भेटस ना पाणी!" असं म्हणत त्यांनी बाटली आपल्या खुर्चीखाली ठेवली. आत दोन-दोन घोटांच्या प्लॅस्टिक बाटल्यांचा डोंगर होता. एक घोट घ्यायचा, बाकीची बाटली खुर्चीखाली लोटून द्यायची, अशी रीत.

मंचामागे मंचाएवढाच फ्लेक्स. १ जुलै २०२२ पासून १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनरवर देशभर बंदी आहे. हा जाड असेलही, मोजायला कोण चढणार? पाहुण्यांचे सत्कार मात्र मोजवत नव्हते. प्रत्येकाला चकचकीत कागदात गुंडाळलेला गुच्छ. या सत्कारांपायी साक्री तालुक्यातल्या पोराला बारीपाड्यावर बोलायला जेमतेम पाच मिनिटं मिळाली. गावाने जंगल राखलं, ते राखायला पुढे असलेल्या चैत्राम पवारांना २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली, एवढं सांगेपर्यंत घंटी वाजली. त्याने रात्र जागून केलेलं पोस्टर तसंच गुंडाळलं. तिथे मात्र माझं हसू मावळलं.

मग जेवण. रावेर-यावलकडे मैलोन्‌मैल केळी, जळगावच्या केळीला २०१६ पासून भौगोलिक मानांकन, आणि ताट होतं केळीच्या पानाचं चित्र छापलेलं, वरून प्लॅस्टिकचा थर! शिरा तेवढ्या हुबेहूब. शेवभाजीचा तवंग त्या खोट्या शिरांतून ओघळत थेट माझ्या पँटवर आला. भाजी झकास होती, हे नाइलाजाने कबूल.

शेवटी अभिप्रायाचा फॉर्म आला. "परिषद कशी वाटली?" पर्याय दोनच: उत्तम आणि अतिउत्तम. फॉर्म दिल्याशिवाय प्रमाणपत्र नाही, प्रमाणपत्राशिवाय प्रवासभत्ता नाही. मी निषेध म्हणून नुसत्या 'उत्तम'वर खूण केली.