वहिनीला वाचायला काय मिळालं असतं?

परळला रात्रीचा एक वाजला होता, इथे ह्यूस्टनमध्ये दुपारचे अडीच. अशा वेळी वहिनीचा नंबर दिसला की फोन उचलण्याआधीच पोटात गोळा येतो. "तुझ्या दादाला सेंटरला टाकलं गं," ती म्हणाली. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ, आणि सेंटर म्हणजे व्यसनमुक्ती केंद्र, त्याची दारू सुटावी म्हणून. अकराच्या सुमारास गाडी आली, चार माणसं वर आली आणि चाळीच्या जिन्यावरून त्याला उचलून घेऊन गेली. सगळी चाळ दारात उभी होती. वहिनीनं एका छापील कागदावर सही केली, महिन्याचे अठरा हजार रोख मोजले, पावती मागायचं काही सुचलं नाही. पहिले एकवीस दिवस फोन नाही, भेट नाही, असं त्यांनी सांगितलं. मग तिनं मला विचारलं, "चांगलं असेल ना गं ते सेंटर? तू ऑडिटमध्ये आहेस, बघ ना जरा."

मी बघितलं. वेबसाइटवर बाग होती, रांगेत योगासनं करणारी माणसं होती, कुणा पुढाऱ्याच्या हस्ते फीत कापतानाचा फोटो होता. नोंदणी क्रमांक नव्हता. डॉक्टर पूर्णवेळ आहे की आठवड्यातून एकदा येऊन सह्या करून जातो, ते नव्हतं. शेवटची पाहणी कोणी, कधी केली आणि त्यांना काय दिसलं, हे तर तिथेच काय, सरकारच्या कुठल्याही पानावर मला सापडलं नाही. सरकारी अनुदान घेणाऱ्या संस्थांचे हिशेब तपासणं हा माझा इथला रोजचा धंदा आहे. त्या दुपारी माझ्या हातात तपासायला एक कागद नव्हता.

दादा सत्तेचाळीस दिवसांनी घरी आला. वजन उतरलेलं, नजर खाली, मनगटांवर वळ. पहिले चार दिवस बांधून ठेवलं होतं, एवढंच तो बोलला. घरी आल्यावर अकराव्या दिवशी त्याची स्लिप झाली, म्हणजे तो पुन्हा प्यायला.

त्यानंतर घरच्या ग्रुपवर जो वाद पेटला, तो मुंबईत मी वर्षानुवर्षं ऐकत आले आहे. डोंबिवलीचा माझा मावसभाऊ म्हणाला, ही खासगी दुकानं एकजात बंद करा आणि व्यसनमुक्ती सरकारनं स्वतःच्या हातात घ्यावी. निवृत्त झालेले काका म्हणाले, सरकारी वॉर्डात माणूस कुजेल, कामं संस्थांकडेच द्या, निदान त्यांना तळमळ असते. आणि मध्येच कोणीतरी मला उद्देशून लिहिलं, "तुमच्याकडे अमेरिकेत असं काही नसतं, नाही का?"

असतं. मी ज्या राज्यात राहते तिथे तर अख्खं सरकारी आयोगच यात बुडालं होतं. टेक्सासमध्ये दारू आणि अमली पदार्थांच्या उपचारांसाठी एक स्वतंत्र आयोग होता. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला ॲन रिचर्ड्स राज्यपाल होत्या. त्या स्वतः 1980 साली दारूसाठी उपचार घेऊन बाहेर पडलेल्या, आणि हे त्यांनी कधी लपवलं नाही. तुरुंगातल्या व्यसनी कैद्यांसाठी 14 हजार खाटांचा उपचार कार्यक्रम त्यांच्या काळात मंजूर झाला. हेतूबद्दल कोणालाच शंका नव्हती. आयोग स्वतः उपचार करत नव्हता, तो संस्थांना पैसे देत होता, आणि दिलेल्या पैशाचं पुढे काय होतं यावर त्याची पकड नव्हती. राज्याच्या लेखापरीक्षकांनी हे उघड्यावर आणलं आणि 1995मध्ये, जॉर्ज डब्ल्यू. बुश राज्यपाल असताना, आयोगाचा कारभार काढून बाहेरून नेमलेल्या माणसांकडे दिला गेला. मार्च 2022मध्ये मुंबई महापालिकेवर प्रशासक आला, तो नगरसेवकांची मुदत संपली म्हणून. इथे तो आला हिशेब लागत नव्हते म्हणून. पुढे 2004मध्ये तो आयोग राज्याच्या आरोग्य खात्यात विलीन झाला.

ही गोष्ट जुनी म्हणून सोडून द्यावी, तर 2023मध्ये शेजारच्या शेजारी ॲरिझोनात त्याहून भयंकर उघडकीला आलं. मूलनिवासी वस्त्यांमधून व्यसनी माणसांना गाडीत घालून फिनिक्समधल्या घरांमध्ये आणून ठेवायचं, उपचार करायचे नाहीत आणि सरकारी आरोग्य योजनेला बिलं लावत राहायचं. योजना बिलं मंजूर करत राहिली. दोन अब्ज डॉलरांहून जास्त रक्कम गेल्याचा अंदाज तिथल्या अधिकाऱ्यांनीच दिला. गाडीत घालून आणलं, हे वाचताना मला आमच्या चाळीचा जिना दिसला.

म्हणून सरकारी की खासगी, या वादात मला पडावंसं वाटत नाही. टेक्सासात पैसा सरकारी होता, आयोग सरकारी होता, काम संस्थांचं होतं, आणि तरी व्हायचं ते झालं. माझ्या कामात मी एक गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिली आहे: पैसा खाटेमागे किंवा दिवसामागे दिला की संस्थेचं लक्ष खाट भरलेली ठेवण्याकडे जातं. रजिस्टरमध्ये हजेरी चोख असते, सह्या एकाच शाईच्या असतात. भरलेली खाट मोजायला दहा मिनिटं पुरतात. त्या खाटेवरच्या माणसाला बाजूला नेऊन "काल रात्री इथे काय झालं?" विचारायला अख्खा दिवस जातो, आणि तो दिवस कुठल्याच तपासणीच्या तक्त्यात धरलेला नसतो.

भारतात कायदा नाही असंही नाही. 2017चा मानसिक आरोग्य सेवा कायदा 29 मे 2018पासून लागू आहे. मानसिक आजाराच्या व्याख्येत त्यानं दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी जोडलेल्या अवस्थाही घेतल्या. म्हणजे अशा पेशंटला ठेवून घेऊन उपचार करायचे तर राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी हवी. दर तीन वर्षांनी तपासणी हवी. पेशंटला फोन करण्याचा, भेटायला येणाऱ्यांना भेटण्याचा हक्क कलम 26मध्ये आहे. साखळीनं बांधायला कलम 95ची सरळ बंदी आहे, आणि बांधून ठेवण्याची वेळ आलीच तर ती त्याला किंवा इतरांना तात्काळ इजा होण्याचा धोका असताना, मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीनं आणि धोका टळेपर्यंतच. दादाच्या मनगटांवरचे वळ या कायद्याच्या काळातले आहेत. आणि नोंदणीशिवाय केंद्र चालवलं तर पहिल्या वेळचा दंड किती? 5 हजार ते 50 हजार रुपये. महिन्याचे अठरा हजार धरले तर तीन पेशंटांत जास्तीत जास्त दंडही वसूल होतो.

त्यातून खाती वेगळी. केंद्र सरकारचं अनुदान सामाजिक न्याय खात्याकडून, नोंदणी आरोग्याकडे, दारूचा महसूल राज्य उत्पादन शुल्काकडे, एमडी, म्हणजे मेफेड्रोन हा अमली पदार्थ, पकडायचं काम पोलिसांकडे. एमडी पकडलं की बातमी होते, किलो आणि कोटी छापून येतात. तेच एमडी घेणारी मुलं पुढे कुठे गेली, कोणत्या खोलीत ठेवली, हे कोणी छापत नाही. 26 जूनला, अमली पदार्थविरोधी दिनाला, प्रभातफेरी निघते, शाळेची पोरं फलक धरतात. मला त्या पोरांबद्दल काही म्हणायचं नाही, पण त्याच दिवशी जिल्ह्यातल्या केंद्रांच्या पाहणीचे अहवाल भिंतीवर लावले तर माझ्या वहिनीसारख्या हजारोंना त्याचा उपयोग होईल.

मला हवं आहे ते एवढंच: पाहणीचा अहवाल घरच्यांना आधी वाचता आला पाहिजे. इथे टेक्सासात आज केंद्राचा परवाना जागेवर आहे का, ते मी घरबसल्या पाहू शकते. केंद्रात पेशंटचे हक्क लिहून भिंतीवर लावावे लागतात, त्याला समजेल अशा भाषेत सांगावे लागतात, तक्रार कुठे करायची तेही द्यावं लागतं. राज्याच्या लेखापरीक्षकांचे अहवाल कोणीही उघडून वाचावेत. 1995ची गोष्ट मला कळली ती अशीच, पूर्वी काय काय झालं ते वाचता वाचता. पण या राज्यात विमा नसलेल्यांचं प्रमाण अख्ख्या अमेरिकेत सर्वांत जास्त आहे, गरिबांची सरकारी आरोग्य योजना इतर बहुतेक राज्यांसारखी इथे वाढवलेली नाही, आणि हक्कांचा तो कागद भिंतीवर असला तरी त्या भिंतीपर्यंत पोचायचे पैसे अनेकांकडे नसतात. दादा शेवटी केईएमला गेला. केस पेपर काढला, ओपीडीत बसला, मानसोपचाराच्या डॉक्टरांनी औषधं लिहून दिली. ह्यूस्टनमध्ये विमा नसलेल्या माणसाला हे इतक्या सहज मिळालं असतं, असं मी शपथेवर सांगणार नाही.

काकांच्या बोलण्यातलं खरं मी नाकारत नाही. तळमळीनं चालवलेल्या जागा महाराष्ट्रात आहेत आणि त्या कोणत्याही देशाला दाखवाव्यात. बांद्र्याला फादर जोसेफ परेरा यांनी 1981मध्ये कृपा फाउंडेशन सुरू केलं. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी 1986मध्ये मुक्तांगण उभं केलं, पु. ल. देशपांडे यांच्या देणगीचा त्याला आधार होता. गिरणगावातली कितीतरी माणसं मुक्तांगणच्या गाडीभाड्यासाठी शेजाऱ्यांकडून उसने घेऊन गेली आणि परत येऊन कामाला लागली, हे मी लहानपणापासून पाहिलं आहे. पण उघड्या अहवालाची गरज सगळ्यात जास्त याच संस्थांना आहे. आज मुक्तांगण आणि दादाला बांधणारी ती जागा, दोन्हीकडे बोर्ड एकच: व्यसनमुक्ती केंद्र. अनुदान वर्ष उलटून गेल्यावर हाती पडतं, ही संस्थाचालकांची जुनी तक्रार आहे, आणि ती मला हिशेबाच्या बाजूनंही गंभीर वाटते. उशिरा येणाऱ्या पैशानं प्रामाणिक संस्था आधी मोडते. रोखीनं अठरा हजार घेणाऱ्याला अनुदानाची वाट बघायची गरजच पडत नाही.

मावसभावाच्या "बंद करा"ला माझं उत्तर 2019च्या राष्ट्रीय सर्वेक्षणातलं आहे. एम्सनं केलेल्या त्या पाहणीत दारूवर अवलंबून असलेल्या 38 जणांपैकी एकालाच कसलेही उपचार मिळाल्याचं दिसलं. भरती होऊन उपचार 180पैकी एकाला. एवढ्या तोकड्या ताटातून आणखी काढून घ्यायचं आणि वहिनीनं रात्री एक वाजता कुणाला फोन लावायचा?

कारण हा मुद्दा मला इतक्या लांबून सहज विसरता येतो आणि तो विसरू नये म्हणून मी लिहून ठेवते. ज्या रात्री नवरा तवा फेकून मारतो आणि पोरगं माळ्यावर जाऊन बसतं, त्या रात्री कोणतीही बाई कलम 65ची नोंदणी दाखवा म्हणत नाही. तिला दार बंद होऊन थोडी झोप हवी असते. म्हणून विचारण्याचं काम त्या रात्रीच्या आधी कोणीतरी करून ठेवलेलं असायला हवं. ते काम सरकारचं आहे, वहिनीचं नाही. न सांगता जाऊन पाहणं, पेशंटशी एकट्यानं बोलणं, सोडून गेलेल्यांना सहा महिन्यांनी फोन करणं, आणि जे दिसलं ते मराठीत, तारखेसह, सगळ्यांना वाचता येईल असं ठेवणं. पेशंटचं नाव झाकून हे करता येतं. अमेरिकेत व्यसनाच्या उपचारांच्या कागदांना 1970च्या दशकापासून गुप्ततेचं कडक संरक्षण आहे आणि तरी संस्थांचे दोष जाहीर होतात. गोपनीयतेचं कारण पुढे करून केंद्राचाच कारभार झाकणं मला पटत नाही. दादाच्या बाबतीत तर उलटच झालं होतं: भिंतीआड काय चाललंय ते गुप्त, आणि त्याचं नाव, गाव, दारू सगळ्या चाळीला माहीत.

दादा आता दर गुरुवारी चर्चच्या हॉलमध्ये एएच्या, म्हणजे दारू सोडणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या गटाच्या, मीटिंगला जातो. आज कोरडा आहे, उद्याचं तो स्वतःही बोलत नाही. त्याच्या मुलानं, जो अजून बारावीत आहे, माझ्याशी फोनवर बोलून माहितीच्या अधिकारात अर्ज लिहिला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला. त्या केंद्राची नोंदणी आहे का, असल्यास शेवटची तपासणी कधी झाली, तपासणी अहवालाची प्रत मिळावी, असे तीनच प्रश्न. उत्तर द्यायची मुदत तीस दिवसांची असते. आज बाविसावा दिवस आहे. वहिनी रोज दुपारी पोस्टमनची वेळ झाली की खाली जाऊन पेटी बघून येते.