घोडबंदर रोड नक्की कोणाचा?

आईच्या मनगटाला प्लास्टर घालून आज नववा दिवस. ठाण्यात घोडबंदर रोडला लागून असलेल्या कासारवडवलीच्या सर्व्हिस रोडवर, मेट्रोच्या खांबाजवळ, डांबरातला खड्डा कुणीतरी पेव्हर ब्लॉक टाकून बुजवला होता. त्यातले दोन ब्लॉक निघाले, वर पावसाचं पाणी साचलं. मला काय दिसणार? पुढचं चाक आत गेलं आणि मागे बसलेली आई हातावर पडली. मागचा कंटेनर वेळेवर थांबला म्हणून आज हे लिहितोय.

चार ठिकाणी फोन केले. पहिला म्हणाला, सर्व्हिस रोड आमच्या हद्दीत नाही. दुसरा म्हणाला, मेन रोड आमचा, पण तिथे सध्या दुसऱ्यांचं काम चालू आहे, त्यांना विचारा. तिसऱ्याने "पावसाळ्यानंतर बघू" म्हटलं. चौथ्याने उचललाच नाही. अरे, म्हातारी बाई रस्त्यावर पडली, तिला काय हद्दीचा नकाशा दाखवू?

रस्ता कोणाचा, हा प्रश्न या देशाने शंभर वर्षांपूर्वी विचारलाय हो! १९२७ साली बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. आपला मराठी माणूस, पुढे पुणे विद्यापीठाचा पहिला कुलगुरू झालेला. समितीने स्वच्छ सांगितलं की रस्त्यांचा खर्च प्रांतांना आणि लोकल बोर्डांना झेपत नाही, केंद्राने भार उचलावा आणि त्यासाठी पेट्रोलवर जादा कर लावावा. १९२९ पासून गॅलनमागे २ आणे जादा घ्यायला लागले. आज लिटरमागे उपकर घेतात. म्हणजे आपल्या पणजोबांच्या काळापासून आपण रस्त्याचे पैसे पंपावर रोख मोजतोय. ते घेताना कोणी विचारत नाही की हा गाडीवाला कोणाच्या हद्दीतला!

पुढे १९४३ मध्ये नागपुरात देशभरातले मुख्य अभियंते जमले आणि वीस वर्षांची योजना केली. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्हा रस्ते, गावरस्ते अशी वाटणीच करून टाकली, कोणता रस्ता कोणी सांभाळायचा हे ठरावं म्हणून. इंग्रजांचं राज्य, वर महायुद्ध चालू, तरी हे सुचलं. आणि आज माझ्या दारातल्या एका रस्त्याची मधली पट्टी एकाची, कडेची दुसऱ्याची, खांबाखालची तिसऱ्याची. खड्डा मात्र कोणाचाच नाही.

करता येत नाही असंही नाही. नागपूरपासून आमच्याच जिल्ह्यातल्या आमण्यापर्यंत ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग झाला की नाही? इगतपुरीला डोंगर पोखरून जवळजवळ ८ किलोमीटरचे बोगदे काढले. आणि इथे कासारवडवली ते कापूरबावडी, जेमतेम सहा-सात किलोमीटर, मला काल एक तास दहा मिनिटं लागली. उरणच्या बंदरातून गुजरातकडे जाणारे सगळे अवजड ट्रेलर आमच्याच रस्त्यावरून. गायमुख घाटात एखादा बंद पडला की माजिवड्यापर्यंत रांग. त्या रांगेत ॲम्ब्युलन्स कोंडलेली मी डोळ्यांनी पाहिली आहे. आतल्या माणसाने काच खाली करून हात जोडले, पण आम्ही सरकणार तरी कुठे?

खड्डा अजून तसाच आहे. कोपऱ्यावरच्या चहावाल्याने त्यात झाडाची फांदी रोवून वर लाल फडकं बांधलंय. नऊ दिवसांत त्या खड्ड्यासाठी तेवढा एकच माणूस जागचा हलला.