फळा कशाला, ग्रुप आहे ना!

सर-मॅडम लोकहो, तुम्ही अजून वर्गात फळ्यावर गृहपाठ लिहून देताय म्हणे? कठीण आहे तुमचं. अहो, मार्च 2020 ला शाळा बंद झाल्या तेव्हा नाइलाजाने जो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला होता तो शाळा उघडल्यावर बंद करायचा असं कुठल्या जीआरमध्ये लिहिलंय का, नाही ना, मग चालू ठेवा की. नाव तेवढं बदला, 'इ. 5 वी ब न्यू फायनल' वगैरे.

दिवसाची सुरुवात पहाटे साडेपाचला. सूर्यफूल, त्यावर दव, त्यावर वेळेचं महत्त्व सांगणारा सुविचार. गृहपाठ मात्र रात्री पावणेदहाच्या आधी टाकायचा नाही, आधी टाकला तर मुलं करून मोकळी होतात. आणि टाइप करत बसू नका, फळ्याचा फोटो काढा, तोही बेल झाल्यावर, निघता निघता, तिरका. ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा बरोबर चौथ्या गणितावर यायला हवा आणि सातव्यातल्या अपूर्णांकाचा छेद तुमच्या अंगठ्याखाली. कोणी विचारलंच "सर चौथं दिसत नाहीये" तर उत्तर ठरलेलं, "झूम करून बघ". झूम केल्यावर पट्टाच मोठा होतो, पण मूल प्रयत्नशील बनतं ना.

फोन कोणाचा हा विचार करायचा नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्याच नियमाने खातं काढायला 13 वर्षं पूर्ण लागतात, पाचवीतलं पोरगं दहा-अकराचं, म्हणजे नंबर बापाचा नाहीतर आईचा, आणि बाप रिक्षावर, फोन त्याच्या खिशात, तो घरी येणार अकराला. येऊ दे. निळी टिक दिसली की गृहपाठ समजला असं धरायचं, मग ती टिक बापाने सिग्नलला थांबल्यावर उमटवलेली का असेना. वहीत लिहून दिलं तर वही हरवते, "ग्रुपवर टाकलं होतं" हे कधी हरवत नाही.

बाकी ग्रुपमध्ये साठ घरं म्हणजे साठ आयांचे नंबर साठ घरांना फुकट. उद्या कोणाच्या काकाने डीपी बघून कोणाच्या आईला 'हाय' टाकलं तर तुम्ही अ‍ॅडमिन म्हणून एवढंच लिहायचं, "कृपया ग्रुपवर वैयक्तिक विषय आणू नयेत".

चूक झाली तर घाबरू नका, 'डिलीट फॉर एव्हरीवन'ला दोन दिवसांहून जास्त मुदत असते. आमच्याकडे एका सरांनी स्टाफच्या ग्रुपवरचं "या वर्गाचं काही खरं नाही" हे चुकून दहावीच्या ग्रुपवर टाकलं, नऊ मिनिटांत उडवलंसुद्धा. दुसऱ्या दिवशी वर्गात गेले तर फळ्यावर वार, तारीख, विषय आणि सुविचाराच्या जागी तेच वाक्य, अगदी वळणदार अक्षरात. (शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती, हे त्यांनी स्वतःच स्टाफरूममध्ये सांगितलं.)

आता इनबॉक्स. आमचे जुने हेडमास्तर सांगायचे, एकट्या मुलाशी किंवा मुलीशी बोलायचं असेल तर वर्गाचं दार उघडं ठेवा. जुन्या वळणाची माणसं. इनबॉक्सला दारच नसतं, त्यामुळे उघडं ठेवायची कटकट नाही. तेव्हा अकरावीतल्या मुलीला रात्री साडेअकराला "अजून जागी?" असं बिनधास्त विचारा, पुढे एक हसरा चेहरा. पालकांनी हटकलं तर छाती पुढे काढून सांगा, मी मुलांचा मित्र आहे. आता मित्र चाळिशीचा आहे आणि प्रॅक्टिकलचे मार्क त्याच्याच हातात आहेत, एवढी किरकोळ गोष्ट सोडली तर मैत्रीत कसलीही कमतरता नाही. अशा सरांकडे बघून बाकीचे आपण काय करायचं, तर स्टाफरूममध्ये चहा प्यायचा आणि "ते जरा मोकळ्या स्वभावाचे आहेत" म्हणायचं.

आणि कधीतरी रात्री सव्वाअकराला ग्रुपवर असा मेसेज येईल, "सर फोन आत्ता घरी आला. पोरगी वाट बगून झोपली. उद्या फळ्यावर लिहून द्याल का". त्यावर अंगठा द्या. मग सेटिंगमध्ये जा, 'फक्त अ‍ॅडमिन मेसेज पाठवू शकतात' हे सुरू करा, पहाटे साडेपाचचं सूर्यफूल शोधून ठेवा आणि झोपा.