बुडबुडा मधात ठेवा

"सर, जरा सरळ उभे राहा." हे वाक्य मी जन्मभर पोरांना ऐकवलं. मंगळवारी ते मलाच ऐकावं लागलं. मे महिन्याच्या उन्हात, माझ्याच वावरात, माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाच्या भूकरमापकाकडून. त्याचा मदतनीस आला नव्हता, म्हणून रोव्हरचा, म्हणजे उपग्रहाच्या मदतीने जागा टिपणाऱ्या यंत्राचा, दांडा माझ्या हातात. तो सरळ आहे का, हे त्यावरच्या पातळीतला बुडबुडा सांगतो. "बुडबुडा मधात ठेवा." ठेवतच होतो हो!

मोजणीचं कारण शेजारचे काकाजी. बाहेरून बळ लागलं नाही तर चालती वस्तू सरळ रेषेतच चालत राहते, असं न्यूटन सांगून गेला. काकाजींच्या वखराला हे बळ दरसाल लागतं, आणि नेमकं माझ्या बाजूला. धुरा, म्हणजे दोन वावरांमधला बांध, हातभर आत आलाय. हसू नका. 660 फुटांची बाजू, दीड फूट आत, म्हणजे 990 चौरस फूट. गुंठा होतो 1089 चा. आणि मोजणीची फी कोणी भरली? मीच.

काकाजी बोरीच्या सावलीत खर्रा घोटत बसले होते.

"सायेब, या सरायले इचारा, वर्धा नदी सरळ वाह्यते का?"

साहेब गप्प.

"बैल चालता चालता मुतते, त्याची रेघ सरळ पडते का? नाही ना? मंग माहाच धुरा काऊन सरळ पाह्यजे?"

"काकाजी, हद्दीच्या दोन गोट्यांच्या मधून एकच सरळ रेषा जाते," मी म्हणालो.

"जाते ना! पण दुसरा गोटा कोठी हाय?"

तो गोटा गेल्या उन्हाळ्यापर्यंत होता. सध्या काकाजींच्या गोठ्याच्या पायरीला तसाच एक दिसतो. मी काही म्हणत नाही.

रेषेला लांबी असते, रुंदी नसते, असं युक्लिड म्हणतो. त्याला शेती नसावी. आमच्या धुऱ्याला चांगली रुंदी आहे आणि तिच्यावर बोर आहे. बोरं काकाजींची, काटे माझे. अख्ख्या हिंदुस्थानची मोजणी 1802 साली मद्रासेहून सुरू करणारा लॅम्बटन दक्षिणेच्या टोकापासून रेषा मोजत आला आणि 1823 मध्ये आपल्या हिंगणघाटला वारला. कारण काहीही नोंदलेलं असो, मला वाटतं त्याला धुऱ्यावर कोणीतरी काकाजी भेटले असावेत.

शेवटी खुणा पडल्या. हातभर म्हणजे हातभरच निघालं! मी काकाजींकडे पाहिलं. ते शांतपणे पिंक टाकून उठले.

"सर दांडा वाकडा धरून होते, म्या सोता पाह्यलं. हे मोजणी मले मान्य नाही. मी निमताना टाकतो."

निमताना म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडून फेरमोजणी. साहेब यंत्र पेटीत भरत म्हणाले, "हक्क आहे त्यांचा."

"फीचं कसं?" मी विचारलं.

"तुमी भरून ठेवा ना, नोकरीवाले मानसं. मी देतो सोयाबीन इकलं का."