प्लॉटर दुरुस्तीवरच्या एका स्टारच्या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा रिव्ह्यू वाचला. प्लॉटरचा (मोठे नकाशे छापणाऱ्या प्रिंटरचा) काळा हेड, म्हणजे काळी शाई सोडणारा भाग, बदलायचे पैसे घेतले, महिन्याच्या आत पुन्हा पांढऱ्या रेघा आल्या, प्रिंट मापात येत नाही म्हणून महापालिकेतून नकाशा परत आला, आणि चांगला चालणारा हेड आम्ही काढून नेला असावा, असं तुम्ही लिहिलंय.

शेवटचं आधी सांगतो, कारण तेच जास्त लागलं. जुना हेड आम्ही नेत नाही. नव्या हेडच्या खोक्यात घालून तो तुमच्याच प्लॉटरच्या स्टँडखाली ठेवलाय, बिलावर तसं लिहून तुमच्या ड्राफ्ट्समनची सही घेतलीय. जळका हेड नेऊन आम्ही करणार काय?

आता रेघा. तुमचा प्लॉटर थर्मल हेडचा. प्रत्येक नोझलमागे, म्हणजे शाईच्या भोकामागे, एक बारीक हीटर असतो; तो तापला की शाईत बुडबुडा होतो आणि थेंब बाहेर फेकला जातो. त्या हीटरला थंड ठेवायचं कामही शाईच करते. नोझल सुकलं आणि आपण तसंच प्रिंट रेटत राहिलो, की तो कोरडाच तापतो आणि जातो. क्लिनिंग मारूनही नोझल चेकच्या (कोणती नोझल चालतात ते दाखवणाऱ्या चाचणी प्रिंटच्या) पट्टीत दर वेळी त्याच जागा रिकाम्या येत होत्या, म्हणून हेड बदलला. जागा बदलत असत्या तर हवा अडकलीय म्हटलं असतं आणि तुमचे पैसे वाचवले असते.

मग नवा हेड इतक्यात का रुसला? तुमच्या ऑफिसात संध्याकाळी निघताना एकच मेन स्विच खाली ओढतात, त्यात प्लॉटरही बंद होतो. प्लॉटर त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद केला की कॅरेज (हेड इकडून तिकडे नेणारी गाडी) कडेला जाऊन हेड कॅपवर बसतो, झाकला जातो. बोर्डावरून वीज तोडली आणि तेव्हा तो मध्येच असला, तर जिथे असेल तिथेच उघडा राहतो, रात्रभर. भर प्रिंटमध्ये लाईट गेली तरी तेच, आणि पावसाळ्यात आपल्याकडे ती कधी जाईल ते सांगायला नको. हे मी हेड बसवला त्याच दिवशी सांगितलं होतं. रिव्ह्यूत त्याचा उल्लेख दिसला नाही.

प्लॉटर शक्यतो चालूच ठेवा. झोपेत असला तरी अधूनमधून तो स्वतःच थोडी शाई सोडून नोझल मोकळी ठेवतो. शाई वाया जाते म्हणून लोक बंद करतात. थोडी जाते, खरं आहे, पण हेडच्या किमतीपुढे ती काहीच नाही. कॉम्प्युटरला लावता तसला यूपीएस त्याला द्या. शाईच्या प्लॉटरला वीज फार लागत नाही, हातातली प्रिंट संपवून जागेवर जाण्याएवढा वेळ मिळाला तरी पुरे. आणि उरलेला बाँड कागदाचा रोल प्लास्टिकच्या पिशवीत ठेवत चला. दमट हवेत कागद फुगतो, हेडला घासतो, मग रेघा फिसकटतात आणि दोष पुन्हा मशीनवर.

मापाचं मात्र अजिबात मान्य नाही. १:१०० च्या नकाशात १० मीटरची भिंत कागदावर १०० मिमी यायला हवी. तुम्ही टाकलेल्या फोटोत स्केल लावलेली आहे: आडवी ९७, उभी पण ९७. कागद ओढण्यात चूक असती तर फरक फक्त रोलच्या लांबीत पडला असता. रुंदीचं माप कॅरेज मशीनमधल्या वेगळ्या पारदर्शक पट्टीवरून वाचतं. दोन्हीकडे सारखंच कमी आलं, म्हणजे पीडीएफ प्रिंट करताना 'फिट'वर टिक राहिली. 'ॲक्च्युअल साइज' निवडा, माप बरोबर येईल. (ती पारदर्शक पट्टी कुणी थिनरने पुसू नये. तिच्यावरच्या बारीक रेघा गेल्या तर कॅरेज कडेला आपटायला लागतो, आणि तो खर्च वेगळा.)

हेडचे पैसे परत देणार नाही, ते स्पष्टच सांगतो. येऊन बघण्याचा चार्ज घेणार नाही. आज एक नोझल चेक काढून त्यावर तारीख टाका, प्लॉटर चालूच राहू द्या, उद्या-परवा परत एकेक काढा. तीनही पट्ट्या शेजारी ठेवल्या की हेड सुकलाय का मुळातच सदोष आहे, हे बरंच कळेल. सदोष निघाला तर वॉरंटीचा क्लेम आम्हीच भरू, तुम्हाला कुठे फिरावं लागणार नाही. तोवर जोर लावून क्लिनिंगवर क्लिनिंग मारू नका, शाई नुसती वेस्ट टाकीत जाते.

मंगळवारी माझी मिरजेला फेरी आहे. तुमचे ड्राफ्ट्समन ऑफिसात असतील ती वेळ दुकानाच्या नंबरवर कळवा.