भिंत काळी पडली की आधी रंगारी का बोलावता?

श्रावण लागला की आमच्या गिरगाव-दादर पट्ट्यात रंगाऱ्यांना भाव येतो. गणपती तोंडावर आलेले असतात, पाहुणे येणार असतात आणि मखर जिथे मांडायचं तीच भिंत नेमकी काळी पडलेली असते. मग ऐन पावसात पुट्टीचे थर चढतात आणि वर 'अँटी-फंगल' लिहिलेला महागातला रंग. आरतीपर्यंत भिंत झकास. पितृपक्षात पोपडे सुटायला लागतात आणि दिवाळीला तोच डाग त्याच जागी, जरा ऐसपैस होऊन बसलेला. रंगाऱ्याला शिव्या देऊन उपयोग नाही, ओल्या भिंतीवर रंग चढवायला आपणच सांगितलेलं असतं.

माझं म्हणणं सरळ आहे. बुरशी हा रंगाऱ्याचा विषयच नाही. तो प्लंबरचा आहे, गवंड्याचा आहे, सोसायटीच्या कमिटीचा आहे, घरमालकाचा आहे. आणि घरातल्या बाईचा तर मुळीच नाही.

हे शेवटचं मुद्दाम लिहितेय. जुन्या घरात कोपरा काळा दिसला की येणाऱ्या-जाणाऱ्याच्या तोंडून पहिलं वाक्य निघतं, "इथे कुणी हात फिरवत नाही वाटतं?" घरातली बाई ओशाळते, फडकं घेते, घासते. आठवड्यात डाग परत. पण बुरशीला घाण लागत नाही, ओल लागते. तिचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात, लखलखीत घरातसुद्धा. भिंतीलगतच्या हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाऊन काही दिवस तशीच राहिली की ते रुजतात. खायला भिंतीवरची धूळ, प्लायवूड, पुठ्ठा, वॉलपेपरचा गोंद, काहीही चालतं. मुंबईत जून ते सप्टेंबर २००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि जुलैत हवाच बहुतेक वेळ त्या ८० टक्क्यांच्या आसपास किंवा वर असते. अर्धं काम हवा करून ठेवते, उरलेलं अर्धं पाईप करतात.

म्हणून डाग दिसला की विचारायचा प्रश्न एकच, हे पाणी कुठलं?

बाहेरचं असेल तर बहुधा पश्चिमेच्या किंवा नैर्ऋत्येच्या भिंतीवर दिसेल, कारण पावसाचा मारा तिकडूनच. गिलाव्याला गेलेल्या चिरा, फुटलेला छज्जा, खिडकीच्या चौकटीभोवतीची फट. आणि आमच्या जुन्या इमारतींचं खास वैभव म्हणजे मागच्या बाजूचे बिडाचे पाईप. आमच्याकडे अशाच एका पाईपच्या सांध्यात पिंपळ आलाय. दरवर्षी पावसाआधी माणूस दोरी लावून चढतो, फांद्या छाटतो, उतरतो. मूळ तसंच. (पिंपळाच्या मुळाला हात लावायला सांगितलं की अर्ध्या इमारतीला एकदम शास्त्र आठवतं.) ते मूळ भिंतीत उतरलंय, चीर रुंदावलीय, आणि दुसऱ्या मजल्याच्या संडासाचं पाणी पहिल्या मजल्याच्या स्वयंपाकघरात फडताळामागे झिरपतंय. त्या फडताळात डाळींचे डबे आहेत. घरच्यांनी ते डबे किती वेळा धुतले असतील याची कल्पना करा. डबे धुऊन पाईप दुरुस्त होत नाही.

वरच्या मजल्याचं पाणी हा दुसरा प्रकार, आणि भांडणाचं मूळही. बाथरूमच्या नहाणी ट्रॅपभोवतीचं (जमिनीवरचं पाणी जिथून खाली जातं त्या जाळीभोवतीचं) वॉटरप्रूफिंग गेलं की खालच्याच्या छताला आधी पिवळट कडा येते, मग काळे ठिपके. वरच्या काकू हमखास म्हणणार, "आमची मोरी कोरडीठाक आहे हो, तुमचंच छत घामतं." वाद घालू नका. ट्रॅप बंद करून त्यांच्या बाथरूममध्ये रंग टाकलेलं पाणी दिवसभर तुंबवून ठेवायला सांगा. खाली रंग उतरला तर बोलणंच संपलं. पाणी तुंबवायला नकार मिळाला तर तोही कमिटीला लेखी कळवून ठेवा.

तिसरा प्रकार घरातल्याच वाफेचा. इथे मात्र जुन्या घरावर आपण अन्याय करतो. "जुनी घरं दमटच" असं सगळे म्हणतात. पण ही घरं बांधली तेव्हा चुन्याचा गिलावा होता. तो ओल धरायचा आणि सोडायचाही. वर चुन्याची सफेदी, ती इतकी अल्कधर्मी की बुरशीला तिथे सहज पाय रोवता येत नसे. उंच छत, दाराच्या वर झडपा, समोर गॅलरी, मागे खिडकी, वारा आरपार. मग आपण काय केलं? चुन्यावर सिमेंट थापलं, त्यावर ऑइलपेंट. आत आलेलं पाणी आतच कोंडलं. गॅलरी ॲल्युमिनियमच्या स्लायडिंगने बंद करून खोलीत घेतली, झडपेत एसी बसवला, छत पीओपीने खाली आणलं, आणि वाळत घालायला जागा उरली नाही म्हणून पावसाळाभर ओले कपडे बेडरूममधल्या दांडीवर. एवढ्या सगळ्या पाण्याने जायचं कुठे? ते सगळ्यात थंड जागा शोधतं, म्हणजे बाहेरच्या भिंतीला टेकवलेल्या कपाटाची पाठ. कपाट वीतभर पुढे ओढून मागे टॉर्च मारून बघा. काळी-हिरवी नक्षी दिसेल, आणि आतल्या रेशमी साड्यांना तो आंबूस वास का येतो तेही कळेल.

आतली वाफ की बाहेरची ओल हे ओळखायला स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल पुरते. भिंत पुसून हातभर तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करायचा, दोन दिवस ठेवायचा. थेंब खोलीच्या बाजूला आले तर हवेतली वाफ, भिंतीच्या बाजूला आले तर भिंतीतून पाणी येतंय. आणि पांढरं, कापसासारखं काही दिसलं तर ती बुरशी असेलच असं नाही, लोणा असू शकतो, म्हणजे ओलीबरोबर भिंतीतून बाहेर आलेला क्षार. पाण्याचा थेंब टाका, लोणा विरघळतो.

साफसफाईबद्दल थोडंच. डाग दोन हात लांबी-रुंदीपेक्षा लहान असेल तर घरी काढता येतो. पंखा बंद, एन-९५ मास्क, हातमोजे, साबणाच्या पाण्याने ओलं फडकं. कोरड्या ब्रशने खरवडलंत तर सगळे बीजाणू घरभर. ब्लीच टाइल्सवर ठीक, पण गिलाव्यावर फक्त काळा रंग उडतो, पाणी आत मुरतं आणि मूळ शाबूत राहतं. आणि ब्लीचमध्ये संडास धुवायचं ॲसिड कधीही मिसळू नका. क्लोरीन वायू होतो, बंद मोरीत तो जिवावर बेतू शकतो.

आता भीतीबद्दल. २०२१ साली 'ब्लॅक फंगस' हा शब्द घराघरात पोचला आणि तेव्हापासून काळी भिंत बघून लोक हबकतात. तो म्युकरमायकोसिस वेगळा. अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइड्स यांच्या जोडीने कोविडच्या रुग्णांना झालेला आजार. तिथे काळं होतं ते मेलेलं मांस, बुरशीचा रंग नव्हे. व्हॉट्सॲपवर फिरणारी 'विषारी काळी बुरशी' म्हणजे स्टॅकिबॉट्रिस. तिला सतत भिजलेला कागद-पुठ्ठा लागतो. आपल्या भिंतींवरची काळी नक्षी बहुतेक वेळा क्लॅडोस्पोरियम नाहीतर ॲस्परजिलस जातीची. पण म्हणून "काही होत नाही" म्हणणाऱ्यांशीही मी सहमत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ सालीच ओल आणि बुरशीबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. ओलसर घरात दमा, खोकला, ॲलर्जी वाढते हे त्यात स्पष्ट आहे. रंग काळा की हिरवा यावर वेळ घालवू नका. घरात दमेकरी किंवा तान्हं मूल असेल तर त्या खोलीत त्यांना झोपवू नका.

इंग्लंडमध्ये रॉचडेल नावाच्या गावात डिसेंबर २०२० मध्ये अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा गेला. घर एका गृहसंस्थेचं, भिंती बुरशीने भरलेल्या. वडिलांनी २०१७ मध्ये तक्रार केली होती, उत्तर मिळालं रंग मारून घ्या. २०२२ मध्ये कॉरोनरने, म्हणजे मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, मृत्यूचं कारण बुरशी हेच नोंदवलं. तिथल्या गृहनिर्माण लोकपालाने त्याआधी २०२१ मध्येच घरमालकांना बजावलं होतं की ओल आली की भाडेकरूच्या राहणीमानाला दोष देणं थांबवा. अवाबच्या नावाने कायदा झाला आणि ऑक्टोबर २०२५ पासून सामाजिक गृहसंस्थांना लागू झाला. गंभीर तक्रार आली की १० कामकाजाच्या दिवसांत तपासणी, तातडीचा धोका असेल तर २४ तासांत.

आपल्याकडे काय आहे? सोसायटीच्या आदर्श उपविधींत (कारभाराच्या नमुना नियमांत) गच्चीतून आणि सामायिक पाईपमधून येणाऱ्या गळतीचा खर्च सोसायटीचा आहे. सदस्याच्या स्वतःच्या मोरीची गळती त्याच्या खिशातून. इतकं स्वच्छ लिहिलेलं असूनही सेक्रेटरी साहेब म्हणतात, "तुम्ही आतून करून घ्या ना." पागडीच्या घरांची, म्हणजे एकरकमी पागडी देऊन नाममात्र भाड्यावर घेतलेल्या जुन्या घरांची, तर थट्टाच आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम १४ प्रमाणे मालक दुरुस्ती करत नसेल तर १५ दिवसांची नोटीस देऊन भाडेकरूने स्वतः करावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा. मर्यादा वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांश. भाडं महिना ३०० रुपये असेल तर वर्षाला ९००. तेवढ्यात परांचीचे बांबूही येत नाहीत. मालकाचंही अगदीच चुकतं असं नाही, ३०० रुपयांत तो तरी काय दुरुस्त करणार? पण या दोघांच्या मध्ये भिंत मात्र भिजतच राहते.

सोसायटीत राहणाऱ्यांना मात्र सोय आहे. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. तेव्हा भिंती ओल्या असतात, फोटो ताजे असतात. गळतीचा विषय विषयपत्रिकेवर येईल अशा बेताने आत्ताच अर्ज टाका, ठराव करून घ्या, कोटेशनं हिवाळ्यात मागवा. बाहेरचं काम मार्च-एप्रिलमध्ये, मग भिंत सुकायला मे महिना, रंग सगळ्यात शेवटी. अर्जासोबत तारखेचे फोटो आणि खोली नंबर द्या, पोच मागा. पोच द्यायला टाळाटाळ झाली तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा.